माल खरा होता, एतबार उडाला होता
सेगा कंपनीच्या खेळयंत्रांचा हिशेब

व्यापारी बंधूंनो, कापडाच्या गादीवर बसणाऱ्या माणसाने व्हिडिओ गेमच्या धंद्यावर का लिहावे, असे कुणी विचारील. कारण सरळ आहे. नवी व्हरायटी बाजारात उतरवताना जुन्या मालाचे आणि जुन्या गिऱ्हाइकाचे काय करायचे, हा पेच आपल्यापैकी प्रत्येकाच्या दुकानात दर हंगामाला येतो. याच पेचात सापडून एक मोठी, हुशार आणि माल बनवण्यात कुणालाही हार न जाणारी कंपनी आपला यंत्रांचा धंदा गमावून बसली. ती कंपनी म्हणजे जपानची सेगा.

सेगाच्या यंत्रांबद्दल खेळणाऱ्यांना विचारा, एकाचे मत दुसऱ्याशी जुळणार नाही. मेगा ड्राइव्हसारखे यंत्र पुन्हा झाले नाही, असे एक म्हणतो. दुसरा ३२एक्सचे नाव काढताच हात झटकतो. सॅटर्न अमेरिकेत पडले असे सगळे सांगतात, पण जपानी माणूस त्याच सॅटर्नची आजही तारीफ करतो. ड्रीमकास्टला तर जवळजवळ सारेच चांगले म्हणतात, आणि तेच कंपनीचे शेवटचे यंत्र ठरले. कारखाना एक, कारागीर तेच, मग मते इतकी वेगळी का? मी या कंपनीचा कारभार जेवढा वाचला, त्यावरून माझे मत असे झाले आहे की या मतभेदाचा उगम यंत्रांच्या गुणदोषांत कमी आहे आणि गिऱ्हाइकाने आधी काय घेतले होते व त्याचे पुढे काय झाले, यात जास्त आहे.

आधी या धंद्याची रीत समजून घेऊ. टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. त्यात कॅसेट, किंवा पुढच्या काळात तबकडी, घालून खेळ चालतो. यंत्र थोड्या नफ्यावर, वेळप्रसंगी पदरचे घालूनही विकले जाते. खरी कमाई कॅसेटवर. दुसऱ्या कंपन्या त्या यंत्रासाठी खेळ बनवतात, त्याही प्रत्येक नगामागे यंत्रवाल्याला हिस्सा देतात. म्हणजे गिऱ्हाईक यंत्राचे पैसे मोजतो तेव्हा तो पुढच्या चार-पाच वर्षांच्या कॅसेटींवर भरवसा ठेवत असतो. कारखानदाराने मध्येच पाठ फिरवली तर गिऱ्हाइकाच्या घरात डबा उरतो आणि दुकानदाराच्या फळीवर न खपणारा माल.

चांगले दिवस

सेगाची मुळे जपानात नसून अमेरिकेत आहेत. १९४० साली हवाई बेटांवर होनोलुलू येथे नाणे टाकून चालणारी यंत्रे लष्करी तळांना पुरवणारी एक कंपनी सुरू झाली. पुढे तिच्या मंडळींनी 'सर्व्हिस गेम्स' हे नाव घेतले आणि त्या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून 'सेगा' बनले. डेव्हिड रोझेन नावाचे एक गृहस्थ अमेरिकन हवाई दलातून आलेले. ते टोकियोत झटपट फोटो काढणाऱ्या यंत्रांचा धंदा करीत होते. १९६५ साली त्यांची कंपनी आणि ही कंपनी एकत्र झाली. नाण्यावर चालणाऱ्या मोठ्या खेळयंत्रांत या मंडळींचा हात धरणारा कुणी नव्हता.

घरगुती यंत्रात मात्र सुरुवातच अडखळत झाली. १५ जुलै १९८३ रोजी सेगाने आपले पहिले घरगुती यंत्र, एसजी-१०००, जपानात आणले. त्याच दिवशी निन्टेन्डोचे फॅमिकॉम बाजारात उतरले आणि बाजार त्याने नेला.

नशीब उघडले ते मेगा ड्राइव्हने. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी ते जपानात आले, १९८९ साली 'जेनेसिस' या नावाने अमेरिकेत. जपानात त्याला बेताचीच उचल मिळाली. अमेरिकेत टॉम कॅलिन्स्के यांनी १९९० मध्ये कारभार हाती घेतला. हा माणूस खेळण्यांच्या धंद्यातून आलेला, त्याला दुकानदाराची भाषा कळत होती. त्यांनी यंत्राचा भाव उतरवला, यंत्रासोबत फुकट देण्यासाठी कंपनीचा सर्वात चांगला नवा खेळ, १९९१ चा 'सॉनिक', दिला, आणि जाहिरातीत निन्टेन्डोचे नाव घेऊन टोला मारला. टोकियोच्या वरिष्ठांना हे पटले नव्हते; जो खेळ विकून पैसे मिळायचे तो फुकट का द्यायचा, असे त्यांचे म्हणणे. कॅलिन्स्के यांचा हिशेब वेगळा होता: यंत्र घरात गेले की कॅसेट आपोआप जाते. त्या वर्षीच्या नाताळात निन्टेन्डोच्या नव्या कोऱ्या यंत्रापेक्षा सेगाचे दोन वर्षे जुने यंत्र अमेरिकेत जास्त खपले. जगभरात मेगा ड्राइव्ह सुमारे ३ कोटी विकले गेले.

आणखी एक बारकावा मला फार आवडला. मेगा ड्राइव्हला एक जोडणी लावली की आधीच्या मास्टर सिस्टमच्या कॅसेटी त्यात चालत. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाने साठवलेला माल वाया जात नव्हता. पुढच्या दोन मोठ्या यंत्रांत कंपनी नेमकी हीच गोष्ट विसरली.

आपल्याकडे हे यंत्र १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीमार्फत रीतसर आले. आयात जकात ८० टक्के होती आणि यंत्राचा भाव १८,००० रुपये. जवळपास रंगीत टीव्हीचा भाव! सामान्य माणूस काय घेणार? त्या काळी मुंबईच्या मनीष मार्केटात आणि लॅमिंग्टन रोडवर 'टीव्ही गेम' म्हणून जो माल धडाधड खपत होता, तो बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची तैवानी-चिनी नक्कल होता. अस्सल मेगा ड्राइव्ह पाहायचे तर आखातातून सुट्टीवर आलेल्या एखाद्याच्या घरी. आमच्या नात्यातल्या एकाने दुबईहून आणले होते. मोहल्ल्यातली पोरे संध्याकाळी त्याच्या दारात रांग लावत.

एका दिवसाचे अंतर

आता बिघाड कुठे झाला ते पाहू.

मेगा ड्राइव्ह जोरात चालत असतानाच त्याला जोडायचे मेगा-सीडी आले, जपानात १९९१ मध्ये, अमेरिकेत १९९२ मध्ये २९९ डॉलरला. जोडणीचा भाव मूळ यंत्रापेक्षा जास्त. ज्यांनी घेतले त्यातले काही खूश होते, तबकडीवरचे संगीत आणि हलती चित्रे पाहून. पण बरेचसे खेळ म्हणजे नुसता तमाशा आहे अशी तक्रारही तेव्हापासूनची. साधारण २२ लाख नग खपले. म्हणजे मेगा ड्राइव्हच्या दर तेरा-चौदा गिऱ्हाइकांमागे एकाने घेतले.

मग आले ३२एक्स. मेगा ड्राइव्हच्या डोक्यावर बसवायचे आणखी एक यंत्र. अमेरिकेत २१ नोव्हेंबर १९९४ ला ते १५९ डॉलरला विक्रीस आले. जुने यंत्र फेकू नका, थोडक्या पैशात नव्या जमान्यात या, असा सांगावा होता. आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २२ नोव्हेंबरला, त्याच कंपनीने जपानात पूर्ण नवे यंत्र, सॅटर्न, बाजारात आणले!

बंधूंनो, ही तारीख पुन्हा वाचा. एका हाताने कंपनी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला सांगते, ही जोडणी घे, तुझे यंत्र अजून खूप वर्षे चालेल. दुसऱ्या हाताने ती जपानात त्या यंत्राचा वारस विकते आहे. अमेरिकेतले मासिक वाचणारे पोरही समजून चुकले की ३२एक्सचे आयुष्य थोडे आहे. खेळ बनवणाऱ्यांनाही ते कळले. ३२एक्ससाठी सगळे मिळून जेमतेम ४० खेळ निघाले. पहिल्या नाताळात माल उचलला गेला, नंतर उठाव बसला. भाव १५९ वरून ९९, आणि शेवटी उरलेला लॉट १९ डॉलर ९५ सेंटला काढला. ज्या बापाने मुलाला १५९ डॉलरला घेऊन दिले, त्याने पुढे तोच डबा २० डॉलरला दुकानात पडलेला पाहिला. सेगाबद्दल त्या घरात पुढे काय मत राहिले असेल, ते सांगायला नको.

हे झाले कसे? टोकियो आणि कॅलिफोर्निया, दोन कचेऱ्या, दोन मते. जपानात मेगा ड्राइव्ह फारसे चालले नव्हते, त्यामुळे तिथल्यांना नव्या यंत्राची घाई. अमेरिकेत ते सोन्याची खाण होते, त्यामुळे तिथल्यांना ते आणखी ताणायचे. दोघेही आपापल्या जागी चूक नव्हते. पण पेढी एक असताना दोन भावांनी एकाच गिऱ्हाइकाला दोन भाव सांगितले की काय होते, हे आपल्याला माहीत आहे.

चार दुकाने

सॅटर्नची अमेरिकेतली तारीख आधी जाहीर होती: शनिवार, २ सप्टेंबर १९९५. दुकानदार त्या हिशेबाने तयारी करीत होते, खेळ बनवणारेही. ११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिसच्या मोठ्या मेळाव्यात कॅलिन्स्के व्यासपीठावर आले आणि त्यांनी जाहीर केले की सॅटर्न आजच विक्रीला आहे, भाव ३९९ डॉलर. सोनीच्या नव्या प्लेस्टेशनला चार महिने आधी गाठायचे, हा बेत. कॅलिन्स्के यांनी पुढे सांगितले की हा हुकूम टोकियोचा होता, त्यांची स्वतःची तयारी नव्हती.

पण तयार माल होता अवघा सुमारे ३०,००० नग. तो कंपनीने चार मोठ्या साखळी दुकानांना दिला: टॉईज आर अस, बॅबेजेस, इलेक्ट्रॉनिक्स बुटीक आणि सॉफ्टवेअर इट्सेट्रा. वॉलमार्ट, बेस्ट बाय आणि केबी टॉईज यांना कल्पनाही नव्हती. केबी टॉईजने तर चिडून सॅटर्न आपल्या दुकानांत ठेवणारच नाही असे ठरवले. त्याच मेळाव्यात सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर गेले, फक्त 'दोनशे नव्व्याण्णव' एवढा आकडा उच्चारला आणि खाली उतरले. शंभर डॉलरचा फरक. भाषणाची गरज उरली नाही.

मला केबी टॉईजचा राग पूर्ण समजतो. पुष्कळ वर्षांपूर्वी ऐन रमजानच्या तोंडावर एका गिरणीने नव्या छपाईचे ताके बाजारातल्या चार मोठ्या पेढ्यांना गुपचूप दिले आणि आम्हाला सांगितले की माल अजून रंगाला गेलेला आहे. आमची गिऱ्हाइके समोरच्या दुकानातून तोच माल घेऊन आमच्या दारावरून गेली. माल उत्तम होता, वाद नाही. पण पुढची दोन वर्षे आम्ही त्या गिरणीचा एक ताका उचलला नाही. आमच्यासारख्या लहान पेढीने काय फरक पडला असेल, ते सोडा. पण दुकानदार हा कंपनीचा बिनपगारी वकील असतो. गिऱ्हाईक विचारतो, 'भाई, दोन्हींत चांगले कोणते?' त्या वेळी दुकानदार कुणाकडे बोट दाखवतो, यावर पुष्कळ काही ठरते.

खेळ बनवणाऱ्यांची अडचण वेगळीच झाली. त्यांचे खेळ सप्टेंबरसाठी तयार होत होते. त्यामुळे मेमध्ये यंत्र घेणाऱ्याला खेळायला मोजकेच, आणि तेही बहुतेक सेगाचेच खेळ मिळाले. शिवाय सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर होते. दोन बैलांची जोडी एका चालीने चालवायला गाडीवान कसबी लागतो. सोनीच्या यंत्राला एकच बैल, पण कुणालाही हाकता येणारा. त्यामुळे बाहेरचे खेळवाले सोनीकडे वळले.

आता जपानकडे पाहा. तिथे सॅटर्न ठरल्या दिवशी, 'व्हर्चुआ फायटर' या लोकप्रिय खेळासह आले आणि पहिल्याच दिवशी लाख-दीड लाखाच्या वर यंत्रे उचलली गेली. तिथल्या गिऱ्हाइकाला ३२एक्सचा चटका फारसा बसला नव्हता. जगभर सॅटर्न ९२ लाखांच्या आसपास खपले आणि त्यातले निम्म्याहून अधिक एकट्या जपानात. म्हणून म्हणतो, जपानी माणूस सॅटर्नची तारीफ करतो आणि अमेरिकन नाक मुरडतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात. यंत्र तेच. सोनीचे प्लेस्टेशन मात्र १० कोटींच्या वर गेले.

पुढच्या मालाची घोषणा

१९९७ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या कारभाराचे नवे प्रमुख बर्नी स्टोलर यांनी उघड सांगून टाकले की सॅटर्न हे आमचे भविष्य नाही. स्टोलर सोनीतून आलेले. खोट दिसत असताना ती चालू ठेवण्याची त्यांची तयारी नव्हती. हिशेबाने ते बरोबर असतील. पण नवे यंत्र अमेरिकेत यायला अजून दोन वर्षांहून अधिक काळ होता!

आपल्या धंद्यात पाहा. दलालाने हंगामाच्या मध्यात पुढच्या डिझाइनचा नमुना दाखवला की चालू लॉटचा उठाव त्याच दिवशी थंडावतो. म्हणून शहाणा घाऊक व्यापारी नमुना खिशात ठेवतो आणि आधी गोदाम मोकळे करतो. सेगाने नमुनाही नीट दाखवला नाही आणि चालू माल मात्र स्वतःच्या तोंडाने मोडीत काढला. ज्यांनी आधल्या नाताळात सॅटर्न घेतले होते त्यांना वाटले, आपण फसलो. मार्च १९९८ अखेरच्या वर्षात कंपनीला ३,५६० कोटी येनचा तोटा झाला.

त्यानंतर येणाऱ्या ड्रीमकास्टबद्दल खेळणाऱ्यांत तट पडले. एक तट म्हणे, नाण्यावरच्या खेळांत सेगाची बरोबरी कुणी करू शकत नाही, यंत्र चांगलेच निघणार. दुसरा म्हणे, मेगा-सीडी सोडले, ३२एक्स सोडले, सॅटर्न सोडले. हे सोडणार नाही कशावरून? दुसऱ्या तटाचा आवाज मोठा होता आणि त्याच्याजवळ पावत्या होत्या.

ड्रीमकास्ट २७ नोव्हेंबर १९९८ ला जपानात आले. तिथे चित्रे काढणाऱ्या चिपचा पुरवठा कमी पडला, त्यामुळे गिऱ्हाईक दारात आणि माल नाही. अमेरिकेत मात्र या वेळी सगळे नीट केले. ९ सप्टेंबर १९९९, भाव १९९ डॉलर, पहिल्याच दिवशी दीड डझन खेळ, माल सर्व दुकानांत. चोवीस तासांत सव्वा दोन लाख यंत्रे खपली. यंत्रात फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडायचा मोडेम बसवलेला होता. 'सोलकॅलिबर', 'शेनमू', 'क्रेझी टॅक्सी', पुढे परक्या गावच्या माणसाबरोबर घरबसल्या खेळायचे 'फँटसी स्टार ऑनलाइन' — माझ्या मुलांच्या वयाची माणसे ही नावे आजही आदराने घेतात.

पण सोनीने मार्च १९९९ मध्येच प्लेस्टेशन २ ची घोषणा केली होती. घोषणा तीच, गिऱ्हाइकावर परिणाम उलटा! कारण सोनीने सोबत सांगितले की तुमच्या जुन्या प्लेस्टेशनच्या तबकड्या नव्या यंत्रात चालतील, आणि त्यात डीव्हीडीवर सिनेमाही पाहता येईल. ड्रीमकास्टमध्ये ना सॅटर्नच्या तबकड्या चालत, ना डीव्हीडी. सॅटर्नमध्ये मेगा ड्राइव्हच्या कॅसेटी चालत नव्हत्याच. दोनदा ज्याचा साठा रद्दी झाला, तो गिऱ्हाईक म्हणाला, थांबू या वर्षभर. हातात तयार असलेला उत्तम माल सोडून लोक न आलेल्या मालासाठी थांबले. बाहेरचे खेळवालेही थांबले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या कंपनीने तर ड्रीमकास्टसाठी एकही खेळ काढला नाही. नकली तबकड्यांनीही थोडी हानी केली, पण दुखणे ते नव्हते.

भाव १४९ वर आणला, तरी गाडा हलेना. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने जाहीर केले की मार्चनंतर यंत्र बनवणे बंद, यापुढे आम्ही फक्त खेळ बनवू. ९१ लाख ड्रीमकास्ट खपली होती, म्हणजे सॅटर्नइतकीच. प्लेस्टेशन २ पुढे १५ कोटींच्या पलीकडे गेले.

त्या वेळी कंपनीचे प्रमुख होते इसाओ ओकावा. आजारी होते. १६ मार्च २००१ ला त्यांचे निधन झाले. त्याआधी त्यांनी कंपनीला स्वतः दिलेले कर्ज माफ केले आणि आपले सुमारे साडेएकोणसत्तर कोटी डॉलरचे शेअर कंपनीला देऊन टाकले. सेगा आज उभी आहे ती पुष्कळशी त्यामुळे. इतक्या मोठ्या पेढीच्या मालकाने जाता जाता असा हिशेब चुकता केल्याचे उदाहरण मी तरी दुसरे वाचलेले नाही. त्याच वर्षी सॉनिकचा खेळ निन्टेन्डोच्या यंत्रावर आला. दहा वर्षांपूर्वी ज्याला जाहिरातीत टोला मारला, त्याच्याच फळीवर आपला माल.

ब्राझीलमध्ये चित्र निराळे दिसते. तिथे टेकटॉय कंपनीने सेगाची यंत्रे देशातच बनवली, खेळ पोर्तुगीज भाषेत आणले, एका खेळातला नायक काढून तिथल्या चित्रकथेतली लाडकी मुलगी मोनिका बसवली. नवे यंत्र आले म्हणून जुने बंद केले नाही. जगाने विसरलेले मास्टर सिस्टम तिथे कित्येक दशके दुकानांत मिळत राहिले. तिथल्या माणसाला सेगाबद्दल विचारा, तक्रार क्वचितच ऐकू येईल.

२०१९ मध्ये सेगाने मेगा ड्राइव्हची एक छोटी प्रतिकृती काढली. ४० वर खेळ आतच भरलेले. कॅसेट घालायची फट आहे, पण दिखाऊ. जुनी कॅसेट त्यात चालत नाही. जपानात त्यासोबत एक सजावटीचा संचही विकला गेला: तळाला लावायचे बारीकसे मेगा-सीडी आणि डोक्यावर बसवायचे बारीकसे ३२एक्स. आत काही नाही, नुसते प्लास्टिक. जे ३२एक्स कधीकाळी २० डॉलरला लॉटात काढावे लागले, त्याचा हा पोकळ डबा लोकांनी हौसेने पैसे मोजून घरी नेला.